गोव्यात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची का? शोरूमच्या आधी घरचा प्लग बघा

गोव्यात चारचाकी ही चैन राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) इथल्या जवळपास ४५ टक्के घरांत गाडी असल्याचे दिसले. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढे प्रमाण नाही. त्यामुळे पुढची गाडी पेट्रोलची घ्यायची की विजेची, हा विषय आता वाळपईपासून काणकोणपर्यंत घरोघरी निघतो, आणि निघाला की पहिली शंका एकच असते: वाटेत चार्ज संपला तर?

माझे मत आधीच सांगून टाकतो. गोव्यापुरती ही शंका फार मागच्या बाकावरची आहे. उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावरून निघून हमरस्त्याने दक्षिण सीमेवरच्या, काणकोणातल्या पोळेपर्यंत गेलात तरी दीडशे किलोमीटर होत नाहीत. बाजारातली जवळजवळ कुठलीही इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये तेवढी धावते. इथे निर्णय ठरतो तो दोन गोष्टींवर. रात्री गाडी उभी राहते तिथे धड वीज आहे का, आणि महिन्याला तुमची धाव किती. ही दोन्ही उत्तरे शोरूममध्ये मिळत नाहीत, घरीच शोधावी लागतात. म्हणून पायऱ्याही घरापासूनच सुरू करू.

पायरी १: महिन्याची धाव लिहून काढा

आज गाडीचे मीटर वाचून तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुन्हा वाचा. चवथीचा (गणेशोत्सवाचा) किंवा मे महिन्याच्या सुट्टीचा महिना यासाठी धरू नका, त्यात फिरणे नेहमीपेक्षा वेगळे असते. गोव्यातला प्रवास आणि गोव्याबाहेरचा प्रवास वेगवेगळा मांडा. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, कारवार किंवा मुंबई-पुण्याच्या वर्षाला किती खेपा होतात तेही लिहा.

साखळीहून रोज पणजीला कामाला जाणाऱ्याचे येऊन-जाऊन ६५-७० किलोमीटर होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,६०० ते १,७५० किलोमीटर. अशा माणसाने हा विचार गंभीरपणे करावा. उलट फोंड्यात राहणारे निवृत्त जोडपे बाजार, देवळे आणि नातेवाईक धरून महिन्याला ४०० किलोमीटरही फिरत नसेल, तर निव्वळ पैसे वाचतील म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये. शांत गाडी आवडते, गिअर बदलून पाय दुखतो, धूर नको वाटतो, ही कारणे खरी आहेत आणि पुरेशीही आहेत. पण मग त्याच कारणासाठी घ्यावी, वाचणाऱ्या पैशांचा मोह धरून नव्हे.

पायरी २: घरची वीज तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गोव्यात इलेक्ट्रिक गाडीचे सुख किंवा मनस्ताप इथेच ठरतो.

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात, म्हणजे आपल्या वीजबिलावरचे युनिटच. ३० किलोवॉट-तासांच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते. मध्यम आकाराची गाडी बॅटरीतल्या एका युनिटवर साडेसहा-सात किलोमीटर जाते. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवरच्या एका युनिटला सहा किलोमीटर धरा. साखळी-पणजी-साखळी या रोजच्या ७० किलोमीटरला साधारण १२ युनिट लागतील. गिझर आणि एसी आपण ज्या १५-१६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर चालवतो, तेच सॉकेट गाडीला तासाला पावणेतीन ते तीन युनिट देते. म्हणजे चार-सव्वाचार तासांत दिवसाची भरपाई होते. रात्री अकराला लावलेली गाडी पहाटे तीन-साडेतीनला तयार.

हे लक्षात आले की ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर लगेच घेण्याची घाई राहत नाही. रोज शंभर किलोमीटरांच्या वर धाव असेल, बॅटरी ४५ युनिटांच्या पुढची असेल किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील, तर तो हवाच. एरवी चांगले बसवलेले एक सॉकेट पुरते. मात्र ते चांगलेच बसवलेले हवे. गिझरचे सॉकेट पंधरा मिनिटे तापते, गाडीचे सॉकेट सलग पाच-सहा तास पूर्ण भार ओढते. जुनी वायर आणि ढिला स्क्रू असेल तर प्लगचा पृष्ठभाग करपायला वेळ लागत नाही.

इलेक्ट्रिशियनला बोलावून ही कामे करून घ्या. मुख्य बोर्डापासून गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर ओढायची. १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौरस मिलिमीटरची आणि ३२ अँपिअरच्या चार्जरला किमान ६ चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असेल तर त्याहून जाड. तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच). सॉकेट शक्यतो निळ्या रंगाचे औद्योगिक पद्धतीचे, झाकणवाले. एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्याही परिस्थितीत नको. खिडकीतून वायर टाकून अंगणात गाडी लावणारे मी पाहिले आहेत. गोव्यातल्या पावसात हा जिवाशी खेळ आहे.

यानंतर अर्थिंग. आपल्याकडची जुनी चिऱ्यांची घरे आणि खालचा जांभा दगड यांमुळे हा विषय इथे जास्त नडतो. जांभ्यात पावसाळाभर ओल असते, पण एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो. फ्रीज आणि टीव्ही त्याविना निमूट चालतात, गाडीचा चार्जर चालत नाही. अर्थिंग नीट नसेल तर तो लाल दिवा दाखवून बंद पडतो, आणि घरची मंडळी गाडीत बिघाड आहे असे समजून सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. तपासणी सोपी आहे. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने सॉकेटमधला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्ट आला तर ठीक. पाच-सातच्या पुढे गेला तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. ही मोजणी भर उन्हाळ्यात करावी, पावसाळ्यात खराब अर्थिंगही चांगले दिसते. खड्डा नवा घालायचा झाला तर तो विहिरीजवळच्या किंवा माडाच्या आळ्याजवळच्या ओलसर जमिनीत घाला आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओता.

विजेचा दाबही बघून ठेवा, विशेषतः तुमचे घर लाइनच्या शेवटच्या टोकाला, वाड्याच्या कडेला असेल तर. संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळेत दाब किती उतरतो ते दोन-तीन दिवस मोजा. तो १९० व्होल्टच्या आसपास येत असेल तर चार्जिंग रात्री अकरानंतर ठेवा. बहुतेक गाड्यांत वेळ लावून ठेवायची सोय असते. त्यापेक्षाही खाली जात असेल तर वीज खात्याच्या उपविभागात लेखी तक्रार करा.

मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, बिलावर छापलेला असतो. तो दोन-तीन किलोवॉट असेल तर गाडीसाठी वाढवून घ्यावा लागेल. इथे गोव्यातला एक खास अडथळा येतो. कितीतरी वडिलोपार्जित घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असते आणि घर चार भावांचे असते. भारवाढीचा अर्ज ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने करायचा असतो. म्हणून नावबदल, इतर वारसांची संमती, मुंडकार घर (दुसऱ्याच्या जमिनीवर कायद्याच्या संरक्षणाने राहणाऱ्याचे घर) असेल तर त्याचे कागद, हे सगळे गाडीचे बुकिंग करण्याआधी हाती घ्या. गाडी दारात येऊन उभी आणि सह्यांसाठी काकांची मनधरणी चालू, अशी वेळ स्वतःवर आणू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे वेगळे. पर्वरी, ताळगाव, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या इमारतींत तुमच्या नावाची ठरावीक पार्किंगची जागा आहे का, हा पहिला प्रश्न. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. तरी सामाईक जागेतून वायर न्यायची तर सोसायटीचे पत्र लागणारच. समितीला तोंडी विचारू नका. वायरचा मार्ग, एमसीबी, आरसीसीबी आणि तुमच्याच मीटरवरून वीज घेणार हे लिहिलेला एक पानाचा अर्ज द्या. बहुतेक विरोध आगीच्या भीतीने किंवा सामाईक बिल वाढेल या शंकेने होतो आणि असा कागद दोन्हींना उत्तर देतो. एवढे करूनही परवानगी मिळाली नाही आणि ऑफिसातही चार्जिंग नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: सध्या थांबा. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर रोजची गाडी चालवण्यात ना पैसे वाचतात ना वेळ.

पायरी ३: पैशाचा हिशोब, तोही गोव्याचा

पुण्या-मुंबईच्या लोकांचे हिशोब इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला होता. पुढे तो पुन्हा वाढत गेला, तरी गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्तच राहिले. सीमेपलीकडची, महाराष्ट्रातल्या बांद्याकडची मंडळी आजही पत्रादेवीला येऊन टाकी भरून जातात. पेट्रोल स्वस्त म्हणजे इलेक्ट्रिकमधली बचतही तेवढी कमी. पण आपली घरगुती वीजही स्वस्त आहे.

हिशोबासाठी पेट्रोल ९६ रुपये लिटर आणि गाडीचे खरे मायलेज १५ धरू. किलोमीटरला ६ रुपये ४० पैसे पडले. विजेचा दर धरताना चूक होते ती अशी: लोक बिलातला सरासरी दर घेतात. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि गाडीचे युनिट घरच्या युनिटांच्या वर जाऊन बसतात. साखळीच्या उदाहरणात महिन्याला २७०-२९० युनिट वाढतील, ते वरच्या टप्प्याच्याच दराने धरले पाहिजेत. इतर आकार धरून सहा रुपये युनिट म्हणू, म्हणजे किलोमीटरला १ रुपया. सार्वजनिक जलद चार्जरवर जीएसटीसह २० रुपयांच्या आसपास युनिट पडते, म्हणजे किलोमीटरला तीन रुपयांवर.

घरी चार्ज केल्यास किलोमीटरमागे ५ रुपये ४० पैसे वाचतात. तुमच्या पसंतीच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीच्या रस्त्यावरच्या किमतीत ३ लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला साधारण ५५,००० किलोमीटर लागतात. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे तीन वर्षांच्या आत वसूल होतात. वर्षाला ५,००० फिरणाऱ्याला अकरा वर्षे लागतात, आणि तोवर बॅटरीची नेहमीची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी संपलेली असते. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च जातो ही वरची बचत. विमा मात्र बहुधा थोडा महाग पडतो.

किमतीतला फरक आजचाच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि इलेक्ट्रिकवरचा ५ टक्केच राहिला, त्यामुळे त्याआधीच्या तुलना जुन्या झाल्या. कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत (कलम ८० ईईबी) ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. विक्रेता अजून ती सांगत असेल तर सोडून द्या. गोवा सरकारने २०२१ च्या धोरणात अनुदान दिले होते, पुढे ते थांबले. राज्याच्या सवलती अशा येतात-जातात, म्हणून रस्ताकराची आजची स्थिती वाहतूक खात्याच्या कार्यालयात स्वतः विचारा आणि कोटेशनमध्ये तो आकडा लिहून घ्या.

बॅटरी भाड्याने देणारी योजनाही असते. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये अशा पर्यायासह. २०,००० किलोमीटरला वर्षाचे ७०,००० रुपये फक्त बॅटरीचे होतात. जास्त फिरणाऱ्याला हे परवडत नाही, आणि कमी फिरणाऱ्याने किमान किलोमीटरांची अट वाचल्याशिवाय सही करू नये.

छतावर सौर पॅनेल घालणार असाल तर हिशोब आणखी सुधारतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. तेवढ्या पॅनेलमधून चांगल्या उन्हाच्या महिन्यात ३०० च्या पुढे युनिट निघतात. जून ते सप्टेंबर मात्र त्यातून फार अपेक्षा ठेवू नका.

पायरी ४: घाटावरच्या खेपा

पणजी ते बेळगाव चोर्ला घाटातून साधारण ११० किलोमीटर. घाटाची भीती वाटते, म्हणून तिचाही हिशोब करू. माणसांसकट १,६०० किलोची गाडी ७५०-८०० मीटर वर चढवायला साडेतीन युनिट लागतात, मोटरमधली घट धरून चार. म्हणजे अख्ख्या चोर्ल्याचा जादा खर्च २५-२६ किलोमीटरांच्या सपाट रस्त्याएवढाच. बेळगावपर्यंत एकूण २१ युनिट जातील. ४५ युनिटांच्या गाडीत अर्ध्याहून अधिक बॅटरी उरते. २४ युनिटांच्या छोट्या हलक्या गाडीत जेमतेम पाव उरेल. परत येताना उतारावर मोटर उलट वीज बनवते, चढाला लागलेल्या विजेतला अर्धाअधिक भाग परत मिळतो आणि ब्रेकही कमी झिजतात.

तरी एका चार्जमध्ये जाऊन-येऊन करण्याचा हट्ट नको. बेळगावात इस्पितळाचे किंवा खरेदीचे काम चालू असताना गाडी चार्जरला लावा. घाटात मोबाइलचे नेटवर्क जाते आणि बहुतेक चार्जर ॲपवरच चालतात, म्हणून दोन कंपन्यांची ॲप, त्यांत भरलेले पैसे आणि पर्यायी चार्जरचा पत्ता निघण्याआधीच तयार ठेवा. चार्जर नकाशावर दिसतो म्हणजे चालू असतो असे नाही. शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते ॲपवर बघा.

पुण्याला जायचे तर बेळगाव-कोल्हापूर मार्गे सुमारे ४५० किलोमीटर, मध्यम बॅटरीच्या गाडीला दोन थांबे. जेवण आणि चहा त्यात बसवले तर वेळ फारसा वाढत नाही. महिन्यातून दोन-तीनदा मुंबई-पुणे करणाऱ्याने मात्र मोठी बॅटरी घ्यावी, नाहीतर पेट्रोलवरच राहावे.

पायरी ५: पावसाळा आणि खारा वारा

वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा प्रश्न रास्त आहे. बॅटरीचा डबा बहुतेक गाड्यांत आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. पण ती प्रयोगशाळेतली कसोटी आहे. तुंबलेल्या पाण्यातून गाडी घालायला तो परवाना नव्हे. विमा घेताना बॅटरीत पाणी जाणे आणि चार्जरचे नुकसान हे दोन्ही त्यात आहे का ते पॉलिसीच्या कागदात शोधा.

मे अखेरच्या गडगडाटी पावसात वीज कोसळून उपकरणे जळतात, तेव्हा मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण) बसवून घ्या. चार्जिंगची जागा पडवीत किंवा पत्र्याखाली असावी. किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या हवेने सॉकेटच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, म्हणून झाकण बंद ठेवा आणि वर्षातून एकदा सॉकेट बदलण्याची तयारी ठेवा. झाड पडून लाइन तुटली की आतल्या गावांत वीज यायला वेळ लागतो, आणि घरचा इन्व्हर्टर गाडी चार्ज करू शकत नाही. जून-जुलैमध्ये बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ न देण्याची सवय लावली की एखादा दिवस वीज नसली तरी अडत नाही.

पायरी ६: बॅटरी किती मोठी, गाडी कोणती

जाहिरातीतली रेंज चाचणीतली असते. एसी लावून, चार माणसे घेऊन ती ६५ ते ७५ टक्केच धरा. मग रोजच्या धावेच्या अडीचपट खरी रेंज मिळेल एवढी बॅटरी निवडा. रोज ७० किलोमीटरांसाठी पावणेदोनशे, म्हणजे टियागोची मोठी किंवा पंचची लहान बॅटरीही पुरते. घाटावर दर महिन्याला जाणार असाल तर ४० ते ४५ युनिटांची घ्या. त्याहून मोठी बॅटरी गोव्यात बहुतेकांना लागत नाही. वर्षातून दोनदा होणाऱ्या मुंबईच्या खेपेसाठी पाच लाख जास्त मोजण्यापेक्षा त्या दोन वेळा रेल्वे किंवा घरातली दुसरी गाडी बरी.

वॉरंटी वाचताना पुढच्या मालकाकडे ती किती जाते हेही बघा. काही कंपन्यांची आयुष्यभराची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा बॅटरी तपासणी अहवाल हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका.

चाचणीसाठी गाडी शोरूमच्या रस्त्यावर फिरवू नका, आपल्या घरी मागवा. वाड्यातला गतिरोधक, घराच्या तोंडाचा चढ, अरुंद वळण यांवरून पोट घासते का ते बघा, कारण बॅटरी तिथेच खाली असते. मागच्या सीटवर आईवडिलांना बसवून त्यांचे गुडघे किती वर येतात ते पाहा. काही गाड्यांत खालच्या बॅटरीमुळे मागची बैठक अवघडते. शक्य असेल तर घरच्या सॉकेटला पंधरा मिनिटे लावूनही बघा, अर्थिंगचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

पायरी ७: कामांचा क्रम

इलेक्ट्रिशियनची तपासणी आधी. मग नावबदल आणि भारवाढ. मग सोसायटीचे पत्र, वायरिंग आणि अर्थिंग. हे पुरे झाल्यावर बुकिंग. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीचे काम जाणणारा तंत्रज्ञ आहे का, की गाडी दुसऱ्या शहरात पाठवतात, हे तिथे गाडी आणलेल्या दोन ग्राहकांना विचारा, विक्रेत्याला नव्हे. गावातला ओळखीचा गॅरेजवाला टायर आणि ब्रेकपलीकडे फारसे करू शकणार नाही.

गाडी ताब्यात घेताना पोर्टेबल चार्जरचा क्रमांक बिलावर लिहिलेला असावा, आणि एकदा साध्या चार्जरवर व एकदा जलद चार्जरवर तिथेच लावून बघावे. जुनी पेट्रोल गाडी चालू स्थितीत असेल आणि अंगणात जागा असेल तर ती लगेच विकू नका. एक पावसाळा आणि एक चवथ जाऊ द्या. त्या दिवसांत गावच्या घरी सगळी भावंडे जमतात, रोषणाई आणि मिक्सर-फ्रीजमुळे मीटरवर आधीच भार असतो आणि चार्जिंगला फक्त मध्यरात्र उरते. त्या आठवड्यात कुणाची गाडी कधी लावायची ते घरात आधीच ठरवा, आणि जुन्या गाडीचे काय करायचे तो निर्णय त्यानंतर घ्या.